मेल आयडी सांगा की ओ!

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्यांमध्ये कामाची बोलणी सुरू झाली की बऱ्याचदा पहिल्याच बैठकीत मालकाच्या टेबलाच्या खणातून एक पेनड्राइव्ह बाहेर येतो. त्यात कुठल्याशा एजंटानं गळ्यात मारलेली यादी असते. देशभरातली हॉटेलं, हॉस्पिटलं, कापडाचे होलसेलवाले, सगळ्यांचे ई-मेल पत्ते, तेही लाखाच्या हिशेबात. मालक म्हणतात, "यादी तयार आहे. तुम्ही फक्त लिहा आणि सोडा."

मी सोलापुरातल्या काही छोट्या कारखानदारांची महिन्याची मेल-पत्रं लिहितो. टॉवेलवाले आहेत, चादरवाले आहेत, युनिफॉर्म शिवणारेही आहेत. ती पेनड्राइव्हमधली यादी मी हातात घेत नाही. त्यापायी कामं गेली तरी घेत नाही. मग वाचणारे येतात कुठून, हे बाहेर सहसा कुणाला कळत नाही. वाचणाऱ्यापुढे पत्र येतं, त्यामागची यादी येत नाही. या धंद्यातली खरी मेहनत मात्र त्या यादीतच असते.

आधी त्या विकतच्या यादीचं सांगतो. आमच्या माहितीतल्या एका कारखान्यानं ती घेतली आणि रोजच्या कामाच्या मेल आयडीवरूनच सगळ्यांना पत्रं सोडली. दिवाळीचा सीझन तोंडावर होता. पहिले दोन-चार दिवस सगळं ठीक दिसलं. मग हैदराबादच्या जुन्या पार्टीचा फोन आला, "कोटेशन पाठवतो म्हणालात, आलंच नाही." कोटेशन गेलेलं होतं, पण ते पार्टीच्या स्पॅममध्ये जाऊन पडलं होतं. नंतर प्रोफॉर्मा इन्व्हॉइसची तीच गत झाली, बिल्टीच्या स्कॅन कॉपीचीही तीच. अनोळखी लाख लोकांच्या दारात जाण्याच्या नादात, ज्यांच्याशी वर्षानुवर्षांचा व्यवहार होता त्यांनाही यांची मेल दिसेनाशी झाली. ती घडी परत बसवायला पुढचा अख्खा सीझन गेला.

असं का होतं, ते मालकांना समजावून सांगावं लागतं. बँक जशी कर्जदाराची पत बघते, तशी मेलसेवा देणाऱ्या कंपन्या पाठवणाऱ्याची पत बघतात. किती पत्रं बंद पत्त्यांवरून परत आली, किती जणांनी 'स्पॅम'चं बटण दाबलं, यावर ती ठरते. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल आणि याहूनं तर रीतसर नियमच लावले. जीमेलच्या खात्यांवर दिवसाला ५,००० च्या वर मेल पाठवायच्या असतील तर आपल्या डोमेनची खातरी पटवणाऱ्या एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या तिन्ही नोंदी हव्यात, एका क्लिकमध्ये नाव काढायची सोय हवी आणि स्पॅमच्या तक्रारी ०.३ टक्क्यांच्या खाली हव्यात. हजारातले तीन जण वैतागले की तुम्ही धोक्याच्या रेषेवर आलात. विकतच्या यादीत वैतागणारे तीनच असतील, असं कोण म्हणेल?

म्हणून यादी घरातूनच सुरू करायची. कारखान्यात विचारलं की व्हिजिटिंग कार्डांचे गठ्ठे निघतात. रबर लावलेले, काही बिलबुकांच्या खाली दडपलेले, काही जुन्या डायरीत खोचलेले. ती कार्डं हाताळताना मला पहिल्यांदा एक गोष्ट कळली. कार्डावर छापलेला मेल आयडी दुकानदाराचाच असतो, असं नाही. जुलै २०१७ मध्ये जीएसटी आला, तेव्हा नोंदणीसाठी मेल आयडी लागत होता. गावोगावच्या कितीतरी दुकानदारांनी तो स्वतः काढलाच नाही. कर सल्लागारानं काढून दिला, पासवर्ड त्याच्याकडे राहिला आणि दुकानदारानं तोच आयडी पुढे कार्डावर छापून घेतला. दुकानाच्या नावानं पाठवलेलं पत्र वाचतो तो सल्लागाराच्या ऑफिसातला असिस्टंट. चादरीच्या नव्या डिझाइनचं त्याला काय?

इथे आमच्या अक्का कामाला आल्या. एका टॉवेल कारखान्याच्या ऑफिसात त्या हिशेब आणि फोन सांभाळायच्या. सोलापूरच्या पूर्व भागात वाढलेल्या, घरी तेलुगू, शाळेत मराठी, शेजारात कन्नड, आणि धंद्यापायी हिंदी. मालकांनी त्यांना रोज दुपारनंतरचा थोडा वेळ या कामाला दिला. अक्कांनी एक लांब वही आखली. पहिल्या रकान्यात दुकानाचं नाव, दुसऱ्यात कार्डावरचा आयडी, तिसऱ्यात वाचणारा खरा माणूस कोण, चौथ्यात भाषा. तिसरा रकाना मी सुचवलेला नव्हता. तो त्यांचा स्वतःचा, आणि पुढे सगळं काम त्याच रकान्यावर उभं राहिलं.

त्यांचा फोन ऐकण्यासारखा असायचा. "नमस्कार, सोलापूरहून बोलतेय. महिन्याला एक पत्र पाठवतो आम्ही. सुताचा भाव, नवा माल, थोडी कामाची माहिती. पाठवू का? मग तुम्ही स्वतः बघता तो मेल आयडी सांगा की ओ!" समोरचा आयडी सांगायचा आणि अक्का एकेक अक्षर परत म्हणायच्या. डॉट आहे की अंडरस्कोर, शून्य आहे की 'ओ', दोन 'ए' आहेत की एक. फोन ठेवायच्या आधी त्या एक चाचणीची मेल टाकायच्या आणि "आली का बघा, आली असली तर 'हो' म्हणून उत्तर टाका" असं सांगायच्या. मेलच्या धंद्यात याला डबल ऑप्ट-इन म्हणतात. दोनदा विचारून, खातरी करूनच नाव घ्यायचं. बहुतेक ठिकाणी हे काम सॉफ्टवेअर करतं. अक्कांनी ते आवाजानं केलं आणि त्यांनी घेतलेला पत्ता चुकला आणि मेल परत आली असं क्वचितच झालं.

कलबुर्गीच्या एका दुकानाचा किस्सा त्या वहीत आहे. कार्डावरचा आयडी मुलाचा निघाला आणि मुलगा इंजिनिअरिंगला बेंगळुरूला. अक्कांनी वडिलांचा आयडी विचारला तर ते म्हणाले, "मला कशाला, तोच बघतो." मला वाटलं, हे नाव गेलं. अक्कांनी ते काढलं नाही. वडिलांचा फोन नंबर आणि मुलाचा आयडी अशी जोडी लिहून ठेवली. पुढे काही महिन्यांनी वडिलांचा फोन आला. मुलानं हॉस्टेलवरून पत्रातला फोटो त्यांना दाखवला होता आणि जकार्ड टॉवेलचं ते डिझाइन त्यांना हवं होतं. पत्र एकानं वाचलं, ऑर्डर दुसऱ्यानं दिली. अशा जोड्या यादीत किती असतात, ते फोन केल्याशिवाय कळत नाही.

"मेल कशाला? व्हॉट्सॲप करा!" हे आम्ही इतक्या वेळा ऐकलं आहे की त्याचं उत्तर आता तयार आहे. व्हॉट्सॲपच्या ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये २५६ जणांची मर्यादा असते आणि ज्यानं तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यालाच निरोप पोचतो. हे झालं यंत्राचं. खरं कारण दुसरंच आहे. हॉटेलात, हॉस्पिटलात, मोठ्या बायिंग हाउसमध्ये खरेदी मेलवर चालते. खरेदीचा मॅनेजर दोन वर्षांत बदलतो. त्याच्याबरोबर त्याचा फोन जातो आणि व्हॉट्सॲपवरची तुमची सगळी ओळखही जाते. 'परचेस' नावाचा खात्याचा आयडी मात्र तिथेच राहतो. नवा मॅनेजर आला की जुन्या मेल चाळतो, त्यात तुमची पत्रं ओळीनं दिसतात. गल्लीतल्या गिऱ्हाइकाला व्हॉट्सॲप बरोबर आहे. आम्हीही करतो. पण जिथे माणूस बदलतो आणि खुर्ची तीच राहते, तिथे मेलच हवी.

आता पत्रात काय लिहायचं, यावरची भांडणं. ती पडद्यामागची सगळ्यात मोठी गोष्ट.

टॉवेलच्या धंद्यात जीएसएम हा शब्द उठता-बसता येतो. एक चौरस मीटर कापडाचं वजन किती ग्रॅम. हॉटेलवाला ४०० जीएसएमचा माल मागतो, दर त्यावर ठरतो, आणि पुष्कळ खरेदीवाले तो मोजून बघत नाहीत. लेबलवर विश्वास ठेवतात. मी मालकांना म्हटलं, पुढच्या पत्रात जीएसएम घरच्या घरी कसा मोजायचा ते देऊ. मालक चमकले. "म्हणजे गिऱ्हाइकाच्या हातात तराजू द्यायचा?" मी म्हटलं, तुमचा माल बरोबर असेल तर द्या. ते थोडा वेळ गप्प बसले. मग आतून तयार मालातले टॉवेल मागवले, ऑफिसातल्या काट्यावर एकेक ठेवला, स्वतः मोजमाप घेतलं आणि म्हणाले, "लिहा."

पत्रात आम्ही एवढंच दिलं. ७५ सेंटिमीटर रुंद आणि १५० सेंटिमीटर लांब टॉवेल घ्या. ०.७५ गुणिले १.५० म्हणजे १.१२५ चौरस मीटर. टॉवेल कोरडा करून स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर ठेवा. वजन ४५० ग्रॅम भरलं तर ४५० भागिले १.१२५, म्हणजे बरोबर ४०० जीएसएम. वजन ३९० भरलं तर तुम्हाला साडेतीनशेच्या आसपासचा माल चारशेच्या नावानं मिळालाय. खाली एकच ओळ, आमच्या मालावरही हे करून बघा. दर नाही, ऑफर नाही.

ते पत्र हॉटेलांच्या हाउसकीपिंगवाल्यांनी एकमेकांना पाठवलं. कोकणातल्या एका रिसॉर्टच्या बाईंनी पाठवलं म्हणून गोव्यातून नावं आली. गोव्यातून बेळगावची आली. "हे पत्र आम्हालाही पाठवा" असं स्वतः लिहून येणारी नावं तोपर्यंत तुरळक होती. त्या महिन्यापासून ती नेमानं येऊ लागली. इथे एक धंद्याची गोष्ट सांगतो. किती जणांनी पत्र उघडलं, हा आकडा आम्ही आता फारसा धरत नाही. सप्टेंबर २०२१ मध्ये ॲपलनं आपल्या मेल ॲपमध्ये गोपनीयतेची सोय आणली, तेव्हापासून न वाचलेलं पत्रही उघडल्यासारखं दिसू शकतं. आम्ही दोन गोष्टी मोजतो. किती जणांनी उत्तर लिहिलं आणि किती जण दुसऱ्याच्या सांगण्यावरून आले.

हे सगळं करताना मला राहून राहून किर्लोस्करवाडी आठवते. आमचंच सोलापूरचं नातं आहे तिच्याशी. शंकर वासुदेव किर्लोस्कर, मराठी वाचकांचे शं. वा. कि., जन्मले सोलापुरात, ८ ऑक्टोबर १८९१ ला. शंकरराव चित्रकला शिकलेले, पंडित सातवळेकरांच्या हाताखाली तयार झालेले. काका लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या किर्लोस्करवाडीतल्या कारखान्यात ते आले आणि जाहिरातीचं काम त्यांच्याकडे आलं. त्या कारखान्याचं गिऱ्हाईक कसं होतं? लोखंडी नांगरानं जमीन विषारी होते, अशी समजूत असणारं. लक्ष्मणरावांचे पहिले नांगर कितीतरी काळ विकले जात नव्हते, ही गोष्ट महाराष्ट्राला माहीत आहे. तिथे नुसतं "नांगर घ्या" म्हणून भागणार नव्हतं.

अमेरिकेत फोर्ड कंपनी 'फोर्ड टाइम्स' काढत होती. त्या धर्तीवर १९२० मध्ये शंकररावांनी 'किर्लोस्कर खबर' सुरू केली. आजच्या भाषेत सांगायचं तर छोट्या कारखान्याचं गिऱ्हाइकांसाठीचं पत्र. लिहायला, चित्रं काढायला, मांडणीला बराच काळ तेच एकटे. आधी कारखान्याची आणि शेतीच्या अवजारांची माहिती, मग हळूहळू उद्योगाचे लेख, आरोग्य, प्रवास, गोष्टी, व्यंगचित्रं. १९२९ मध्ये तिचं 'किर्लोस्कर' मासिक झालं, १९३० मध्ये 'स्त्री' आलं, १९३४ मध्ये 'मनोहर'. ज्यांना नांगराशी काही देणंघेणं नव्हतं, असे हजारो लोक पैसे भरून वर्गणीदार झाले. सावरकरांचे विज्ञाननिष्ठ लेख पुढे याच मासिकात आले. कारखान्याच्या जाहिरातखात्यातून निघालेल्या पत्रानं मराठी मध्यमवर्गाला वाचायला आणि विचार करायला लावलं, एवढी मोठी गोष्ट आहे ही.

आणि त्या काळच्या टपाल खात्याचा एक नियम मला फार आवडतो. १८९८ च्या पोस्ट ऑफिस कायद्यानं नियतकालिकाला सवलतीचा टपालदर ठेवला होता, पण अटी घालून. अंक ३१ दिवसांच्या आत पुन्हा निघालाच पाहिजे. त्यात बातम्या किंवा चालू विषयांवरचे लेख मोठ्या प्रमाणात असले पाहिजेत, जाहिराती असल्या-नसल्या तरी चालतील. आणि वर्गणीदारांची खरीखुरी यादी पाहिजे. जीमेलनं २०२४ मध्ये जी शिस्त लावली तिचा गाभा या कायद्यात सव्वाशे वर्षांपूर्वी होता. नियमित काढा, कामाचं काही द्या, आणि ज्यांनी मागितलंय त्यांनाच पाठवा.

मार्च २०२४ चा किस्सा याच रांगेतला. आयकर कायद्याचं ४३बी(एच) हे कलम त्या आर्थिक वर्षापासून लागू झालं होतं. सूक्ष्म किंवा लघु उत्पादकाकडून घेतलेल्या मालाचे पैसे लेखी करार नसेल तर १५ दिवसांत आणि करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे. ती मुदत उलटून गेलेली बाकी ३१ मार्चलाही तशीच राहिली, तर खरेदीदाराला तो खर्च त्या वर्षी धरता येत नाही. कापडाच्या बाजारात घबराट उडाली. उधारी तीन-तीन महिन्यांची चालणारा हा धंदा. काही व्यापारी माल परत पाठवायची भाषा करू लागले, काही म्हणाले, यापुढे छोट्यांकडून माल नको.

मालकांना पत्रात या विषयाचं नावही नको होतं. "पार्टीला वाटेल, आपण वसुली काढलीय." त्यांचं म्हणणं रास्त होतं. जुनं गिऱ्हाईक शब्दानं दुखावतं आणि आयुष्यभर लक्षात ठेवतं. शेवटी असं ठरलं की आपल्या बाकीचा उल्लेखही करायचा नाही, फक्त नियम उदाहरणानं सांगायचा. माल १० फेब्रुवारीला पोचला. लेखी करार नाही, तर मुदत २५ फेब्रुवारी. करारात साठ दिवस लिहिलेत, तरी कायदा ४५ च धरतो, म्हणजे २६ मार्च. उत्पादकाची उद्यम नोंदणी आहे का, हे कसं बघायचं. व्यापारी आणि उत्पादक यांत फरक काय. एक पानभर, बस. छापायच्या आधी आमच्या सीएंना दाखवलं.

आणि इथे ते २०१७ चे आयडी कामाला आले! ज्या कर सल्लागारांच्या ऑफिसात आमची पत्रं न वाचता पडत होती, त्यांच्याच कामाचं हे पत्र निघालं. त्यांनी ते आपल्या बाकीच्या अशिलांना पाठवलं. लातूर, धाराशिव, बीदर, विजयपुरा, जिथे आमच्या कारखान्याचा एकही माणूस कधी गेला नव्हता, तिथल्या दुकानांची नावं यायला लागली. अक्कांनी प्रत्येकाला फोन केला. वसुलीचं म्हणाल तर, दोन जुन्या पार्ट्यांनी न मागता पैसे पाठवले आणि मालकांनी तो विषय पुन्हा काढला नाही.

नावं मिळवायची जागा म्हणून प्रदर्शनाला तोड नाही, पण तिथेही लोक घाई करतात. सप्टेंबर २०१९ मध्ये सोलापुरात टेरी टॉवेलचं मोठं आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरलं. अशा ठिकाणी काचेचं भांडं ठेवून "कार्ड टाका, बक्षीस जिंका" करण्याची पद्धत सगळीकडे आहे. भांडं भरतं. पण त्यात कॉलेजची पोरं, शेजारचे स्टॉलवाले, केटरिंगवाले, सगळेच असतात आणि बक्षीस लागलं नाही की त्यांचा तुमच्याशी संबंध संपतो. त्यापेक्षा टॉवेलच्या चार जातींचे छोटे तुकडे एका जाड पुठ्ठ्यावर लावून ठेवावेत. वेगवेगळ्या जीएसएमचे, हाताला फरक कळेल असे. ज्याला तो पुठ्ठा हवा त्यानं रजिस्टरमध्ये नाव लिहावं. नावं थोडी मिळतात. पण तो पुठ्ठा मागणारा माणूस टॉवेल विकत घेणाराच असतो.

किरकोळ दुकानांची गोष्ट वेगळी. पंढरपूर, तुळजापूर, अक्कलकोट करून येणारी माणसं सोलापुरात थांबतात आणि चादरी घेतात. पुन्हा कधी येतील याचा नेम नसतो. बिल करताना "मेल आयडी द्या" म्हटलं की लोक कचरतात, आणि त्यांचं बरोबर आहे. आम्ही दुकानदाराला एवढंच सुचवलं, "ही चादर धुवायची कशी, ते लिहून पाठवू का?" असं विचारा. पहिल्या एक-दोन धुण्यांत गार पाण्यात वेगळी धुवा, उन्हात उलटी वाळत घाला, असं साधं पत्र त्याच रात्री जायचं. त्यात खाली विचारलेलं असायचं, वर्षातून तीन-चार वेळा नव्या चादरींचे फोटो पाठवले तर चालतील का? ज्यांनी 'हो' म्हटलं तेच यादीत. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहितीचा कायदाही हेच सांगतो. कशासाठी घेतोय ते सांगून संमती घ्या, आणि संमती देणं जितकं सोपं, तितकंच ती मागे घेणं सोपं ठेवा.

लिपीचा घोळ मात्र थोडक्यात सांगायलाच हवा, कारण मराठीत पत्र काढणाऱ्या प्रत्येकाला तो भेटतो. छापखान्यात मजकूर अजूनही पुष्कळदा जुन्या फॉन्टमध्ये टाइप होतो. तो तसाच मेलमध्ये चिकटवला की समोरच्याला मराठीऐवजी चिन्हांचा आणि आकड्यांचा काला दिसतो. मजकूर युनिकोडमध्येच हवा. चित्राच्या रूपात अख्खं पत्र पाठवणं हा त्यावरचा उपाय नव्हे. चित्र उघडलं नाही तर पत्र कोरं दिसतं. आणि जीमेल साधारण १०२ केबीच्या पुढचा मजकूर कापून टाकतं. लांबलचक पत्राच्या शेवटी नाव काढायचा दुवा ठेवला तर तोच कापला जातो. तो दुवा वरही द्यावा.

नाव काढण्यावरून एक प्रसंग घडला, तो मालकांचा. हुबळीच्या एका होलसेल दुकानदारानं यादीतून नाव काढलं. जुना माणूस, मालकांच्या वडिलांपासूनचा. मालकांच्या ते मनाला लागलं. मी म्हटलं, ज्याला नको त्याला जाऊ द्यायचं, कारण विचारायचं नाही. पण वडिलांचा स्नेह म्हणून त्यांनी फोन लावलाच, आणि पत्राविषयी चकार शब्द न काढता फक्त "बरे आहात ना?" एवढंच विचारलं. पलीकडून कळलं की दुकान विकलं, गुडघे काम देत नाहीत, आता नातवंडांत असतात. तासभर बोलणं झालं. दुकान ज्यानं घेतलं त्याचा नंबर त्यांनीच दिला. पुढच्या महिन्यात त्या नव्या मालकाला अक्कांनी फोन केला आणि वहीत नवी ओळ पडली. जुनं नाव मात्र आम्ही परत घातलं नाही. त्यांनी काढलं होतं, ते काढलेलंच राहिलं.

अलीकडे कारखानदार मला विचारतात, कुठलं सॉफ्टवेअर घेऊ? कुठलंही चांगलं घ्या, त्यानं पत्र जातं. पण ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेनं भारतीय मालावरचं आयातशुल्क ५० टक्क्यांवर नेलं आणि निर्यातीचे टॉवेल अडकले, तेव्हा देशातल्या हॉटेलांना आणि हॉस्पिटलांना विचारायची वेळ आली. त्या वेळी ज्यांच्याकडे विचारून जमवलेली नावं होती, त्यांना निदान कुणाला लिहायचं ते माहीत होतं. ज्यांच्याकडे पेनड्राइव्ह होता त्यांना तेही माहीत नव्हतं.

सोलापूरच्या चादरीला आणि टॉवेलला भौगोलिक मानांकन आहे, नाव देशभर आहे, पण तो माल वापरणाऱ्यांचे पत्ते आपल्या कारखान्यांकडे नाहीत. ते दलालांकडे आणि मोठ्या शहरांतल्या व्यापाऱ्यांकडे आहेत. म्हणून माझं कारखानदार मित्रांना एवढंच सांगणं आहे. जाहिरातीवरचा खर्च थोडा थांबवा. तुमच्या ऑफिसात चार भाषांत बोलणारी, लोकांना नावानं ओळखणारी अक्का असेलच. तिला एक शांत जागा, एक फोन आणि रोज दुपारचे दोन तास द्या, आणि या कामाचा वेगळा पगार द्या.